रबराच्या उशा

गुंजवण्यातलं आमचं घर म्हणजे एक लांबलचक पडवी, तिच्यामागं अंधारं माजघर आणि माजघराला लागून गोठा. मधली भिंत कुडाची. पलीकडं बैलानं शिंग घासलं तरी चुलीपुढं बसलेल्या आईला कळायचं, हा पवळ्या की सर्ज्या. आईचं भाकरी थापणं आणि पडवीतला आबांचा खोकला ऐकतच आमचा दिवस उजाडायचा. मग मी आणि वैनी उखळापाशी उभ्या राहायचो. एक उखळ, दोन मुसळं. तिचं वर गेलं की माझं खाली. आंबेमोहोर कांडताना त्याचा वास केसांत जाऊन बसायचा, आणि ताल चुकून मुसळावर मुसळ आपटलं की दोघी खिदळायचो. आतून आई ओरडायची, "तांदूळ कांडताय का दात दावताय?" आई वैनीला कायम असंच बोलायची. वैनीनं केलेलं कुळथाचं पिठलं तिला एक तर पातळ लागायचं, नाही तर घट्ट. मधलं असं कधी जमलंच नाही.

वैनीचं नाव चंद्रा. ती पलीकडच्या केळद खोऱ्यातली, दाट रानातली. तिकडच्या पोरींना झाडावर चढायला शिकवावं लागत नाही. लग्न होऊन आली तेव्हा माझ्याहून थोडीच मोठी असेल. अंगाची हळद पुरती निघाली नाही तोच माझा दादा लढाईवर गेला. लष्करात तो ड्रायव्हर होता. तो परत येईपर्यंत वैनी जणू माझीच होती. आम्ही एका घोंगडीत निजायचो, एका ताटात जेवायचो. तिनं मला जांभळीच्या शेंड्यापर्यंत चढायला शिकवलं आणि मी तिला पाटीवर तिचं नाव लिहायला शिकवलं. माझी शाळा चौथीतच सुटली होती, पण चंद्रा लिहिण्यापुरती विद्या माझ्यापाशी होती.

दादा परत आला तो बोलणं तिकडंच कुठंतरी ठेवून आला. विचारलं तेवढं सांगायचा. मात्र गाडीबद्दल बोलायला लागला की त्याचा चेहरा उजळायचा. त्याच सुमारास नसरापूरच्या एका ठेकेदारांनी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक आणला. आमच्या डोंगरातला हिरडा आणि कोळसा खाली न्यायला. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेला, बेडकाच्या रंगाचा. चालवणार कोण, तर दादा. मुक्कामाला तो ट्रक आमच्याच खळ्यावर उभा राहायचा. पहिल्या दिवशी आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आबांनी त्याच्या पुढच्या चाकाला हात लावून नमस्कार केला, बैलाला करतात तसा.

ट्रक धट्टाकट्टा होता, पण त्यात बसणं म्हणजे शिक्षा. कोळशाची पोती भरली की निमूट चालायचा, रिकामा असला की दगडादगडावर उडायचा. एकदा आबा मागं बसून मार्गासनीच्या बाजाराला गेले आणि दोन दिवस पालथे निजले. दादा म्हणाला, "आबा, ह्यो वजनासाठी केलाय, मानसांसाठी न्हाई." आता माझ्या पुतण्याचा मुलगा सुट्टीत जीप घेऊन येतो आणि मित्रांबरोबर मुद्दाम दगडधोंड्यात गाडी घालतो. त्याला छंद म्हणतात म्हणे. परवा तो गाडीखाली शिरून चाकाजवळचं एक काळं रबर मला दाखवत होता, "आजी, हे बघ, हे नसेल तर पार वाट लागते." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे बाळ." त्याला वाटलं, आजी उगीच म्हणते आहे.

ते फाल्गुनाचे दिवस होते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणून राबाला फांद्या तोडणं चाललं होतं. ऐनाच्या झाडावर वैनी कोयता घेऊन चढली होती, खाली मी भारे बांधत होते. फांदी मोडल्याचा आवाज मी रोजच ऐकत होते, त्यामुळं त्या आवाजानं मान वर केली नाही. मान वर केली ती धप्पकन काहीतरी बांधावर पडलं म्हणून. वैनी उताणी पडली होती. पाठ बांधाच्या दगडावर. डोळे उघडे. मी धावत जाऊन तिला काखेत हात घालून उठवायला गेले तर ती दात आवळून म्हणाली, "सुबे, हलवू नगंस. मला अजिबात हलवू नगंस. पायाला मुंग्या आल्यात." तिला तेवढं सुचलं म्हणून पुढचं सगळं घडलं. मी हाका मारत सुटले. आबांनी आणि शेजारच्या गड्यांनी गोठ्याचं दार बिजागरीतून काढून आणलं, तिला अलगद त्यावर सरकवलं आणि पडवीत आणून ठेवलं. त्या दारावरून ती मग किती दिवस उठली नाही.

वेल्ह्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तट्टावर बसून आले. तरुण होते, घामानं भिजलेले. त्यांनी वैनीच्या तळपायांना टाचणी लावून पाहिली. डाव्या पायाला तिनं चटकन "व्हय" म्हटलं. उजव्याला थांबून थांबून. डॉक्टर पडवीच्या कडेला येऊन बसले आणि दादाला म्हणाले, "मणक्याला दुखापत आहे. मोडला आहे की चिरला आहे, ते पुण्याला फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. तिथं प्लास्टर घालतील. बाई तरुण आहे, हाड सांधेल. पण न्यायची कशी, ते मला सांगता येत नाही."

आबा म्हणाले, "झोळी करू की. मानसं हायेत."

"झोळीत पाठ वाकते. आणि फळी खांद्यावर घेतली तरी खिंडीच्या उतारावर एकाचा पाय घसरला की संपलं. बैलगाडीचं तर नावच नको. एक जोरात हिसका बसला, तर आज जो पाय थोडा कळतोय तोही कळायचा थांबेल."

दादानं खळ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. म्हणाले, "त्या ट्रकमधून मी स्वतः एकदा आलोय. त्यातून नेऊ नका."

"हाय असा न्हाई न्हेनार," दादा म्हणाला.

त्या संध्याकाळी भावकीतले तात्या आले. चुलत्यांपैकी, पंचात बसणारे, आवाजात कायम गूळ. आईनं त्यांना गूळपाणी दिलं. वैनी पडवीत हातभरावर निजलेली, मी तिला वारा घालत बसले होते. तात्या आबांना म्हणाले, "झालं ते वंगाळच झालं. पर पोराचा इचार करा. लुळी बायकू जन्मभर कोन सांबाळनार? तिच्या म्हायेरी सांगावा धाडा, घिऊन जातील. म्होरल्या साली दुसरं बघू. माज्या मेव्हण्याची पोरगी हाय, लई कामसू."

वैनी आढ्याकडं बघत होती. मी तिचा हात धरला, तो थंडगार होता. आबा खोकत राहिले. दादा समोर खळ्यावर ट्रकखाली पालथा पडून काहीतरी खोलत होता. त्यानं ऐकलं, हे मला कळलं, कारण पान्याचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. शेवटी आईच उंबऱ्यातून बाहेर आली. मला वाटलं, आता आईही मान डोलावणार. आई म्हणाली, "तात्या, गूळपानी घेतलंत न्हवं? आता निगा. दिवस मावळतोय." तात्या बघतच राहिले. आईनं तांब्या उचलला आणि आत गेली. त्या रात्री पिठलं आईनंच केलं, वैनीला घासघास भरवलं, आणि वर म्हणाली, "पातळ झालंय, पर खा."

ठेकेदारांनी दादाला ट्रक दिला. हिरड्याचा हंगाम सरत आला होता आणि माणूस सज्जन होता. पण पाऊस लागला की नदी ओलांडायचा उतार बंद, मग दिवाळीपर्यंत चाक पलीकडं जाणार नाही. चैत्र सुरू झाला होता. जे करायचं ते त्यातच.

दादानं भोरहून हुसेनचाचांना आणलं. हुसेनचाचा टांगे बांधायचे, टांग्यांच्या कमानी दुरुस्त करायचे. मेंदी लावलेली दाढी, आणि बोलताना मधूनमधून "बघा माय" म्हणायची सवय. सगळ्या बायकांना ते माय म्हणायचे, मलाही. आईनं त्यांना पडवीच्या दुसऱ्या टोकाला जागा दिली. त्यांना आमच्याकडची नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी फार आवडायची. पहिल्याच दिवशी त्यांनी वैनीपाशी उकिडवं बसून विचारलं, "बघा माय, दुखतं कवा जास्त? खालनं धक्का आल्यावर का आडवं हलल्यावर?" वैनीला तोपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं. ती विचार करून म्हणाली, "खालनं आलं तर कळ डोस्क्यात जाती. पर आडवं हललं तर जीवच जातो, चाचा." चाचांनी दादाकडं बघितलं. "ऐकलं न्हवं? दोन्ही पायजेत. धक्का बी थांबवायचा, झोका बी थांबवायचा."

ट्रकची परीक्षा घ्यायला कुणीतरी वैनीच्या जागी निजायला हवं होतं. दादा म्हणाला, वाळूचं पोतं ठेवू. वैनी पडवीतून म्हणाली, "पोतं काय सांगनार? सुबीला निजवा. तिचं वजन माज्यायेवढंच हाय. आन गड्यांला निजवाल तर ते म्हनतील, काय न्हाई, चाललंय झ्याक." त्यामुळं मी त्या ट्रकात निजले. फळीवर गोधडी, कपाळाला आणि कमरेला आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा, अगदी वैनीला बांधणार तशी. गावाखाली एक कोरडा ओढा होता, त्याच्या गोट्यांतून दादा ट्रक पलीकडं न्यायचा आणि परत आणायचा. मला फक्त आभाळ दिसायचं आणि ऐनाची पानं. भीती वाटायची. पण मला कामाचं मानत होते, तो मान त्या वयात भीतीपेक्षा मोठा होता.

पहिल्या फेरीत माझं डोकं दोनदा फळीवर आदळलं. चाचांनी कमानी दाखवल्या. एकावर एक बसवलेले लोखंडी पाटे, खाली लहान, वर मोठे. "इतके पाटे कोळशाच्या ओझ्यासाठी. एका पोरीसाठी हे वाकतच न्हाईत, मग काय करतील? उडवतील." त्यांनी मागच्या कमानींतले काही पाटे काढले, आणि ट्रकात सारख्या अंतरावर ओल्या वाळूची पोती रचली, म्हणजे गाडी जमिनीला धरून राहील. दुसरी फेरी मऊ गेली. मी हसायला लागले. आणि ओढ्याच्या मधोमध चाक खड्ड्यात गेलं तसा खालून असा घण बसला की दातांवर दात आपटून माझी जीभ चावली गेली. पाटे मऊ झाले होते, त्यामुळं चाकाचा आस वर येऊन थेट सांगाड्यालाच आदळला होता. लोखंडावर लोखंड. आस अडवायला तिथं पूर्वी रबराचे ठोकळे होते, दादा त्यांना लष्करातल्या नावानं बंप स्टॉप म्हणायचा, पण ते केव्हाच झिजून गळून गेले होते.

दादानं फाटक्या टायरचे तुकडे एकावर एक ठेवून ठोकळे केले, जाडजूड, जेवढे मावतील तेवढे. मला वाटलं आता झालं. ती फेरी सगळ्यांत वाईट. एकही मोठा ठोका नाही, पण ओढ्यातला प्रत्येक गोटा मी पाठीनं मोजू शकले असते. चाचा खाली वाकून हसले. "अरे बाबा, आस सारखा रबरावरच बसलाय. कमानीला वाकायला जागा कुटाय? उशी डोकं टेकायला असती, दिवसभर डोक्याला बांदून हिंडायला न्हाई." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या ठोकळ्यांचं नाव उशा पडलं. दादाही उशाच म्हणायला लागला.

मग दादानं त्या उशा घडवायला घेतल्या. मी त्याला इतक्या मायेनं काही करताना पूर्वी पाहिलं नव्हतं. टायरचं रबर त्यातल्या कापडामुळं कडक होतं, म्हणून त्यानं ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून मऊ गाभा केला आणि बाहेरून टायरची साल चढवली. वर रुंद, खाली निमुळती, भोवऱ्यासारखी. चाचांचं म्हणणं, आधी टोक टेकावं, मग हळूहळू सगळी उशी दबावी, म्हणजे धक्का एकदम बसणार नाही. आस आणि उशी यांच्यात किती अंतर ठेवायचं यावर दोघांचा पडवीत वाद चालायचा. अंतर कमी ठेवलं की गाडी कडक, जास्त ठेवलं की ठोका. दादा उशीखाली पत्र्याची चकती घालायचा, मी निजायचे, तो ओढ्यातून जायचा, चकती काढायचा. घरी वैनी पडल्या पडल्या ऐकत असायची. मी परत आले की मी सांगायच्या आधी ती सांगायची, "जाताना बरं गेलं. येताना दगडापाशी आपटलं, व्हय न्हवं?" ओढा घरापासून लांब नव्हता आणि दुपारी गाव शांत असायचं. तिला तिथून लोखंडाचा आणि रबराचा आवाज वेगळा ओळखता यायला लागला होता. दिवसभर आढ्याकडं बघत पडलेल्या माणसाला दुसरं काय होतं? पण तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग येत होता. आपल्याला घेऊन जाण्याची तयारी ती रोज कानांनी ऐकत होती.

उशा जमल्या. आता राहिला झोका. खड्ड्यातून बाहेर आलं की ट्रक पाळण्यासारखा वरखाली होत राहायचा, थांबायचाच नाही, आणि एका बाजूला कलायचाही. चाचा म्हणाले, टांग्याला हे नसतं, इथं माझी विद्या संपली. दादाला मात्र ठाऊक होतं. कमानींशेजारी लोखंडी डबीसारखं काही होतं, तिला एक दांडा. आत तेल असतं आणि दांडा हलला की ते तेल बारीक भोकातून जातं, त्यामुळं कमानीचं नाचणं थांबतं. शॉक अब्सॉर्बर. आई त्याला साकाबजार म्हणायची, आणि आमच्या घरात ते तसंच राहिलं. त्या डब्या कोरड्या पडल्या होत्या. लष्करातलं ते तेल आमच्याकडं कुठून येणार? दादानं इंजिनाचं तेल घालून पाहिलं, ते पातळ पडलं, गळून गेलं. तो हताश होऊन पडवीच्या कडेला बसला. वैनीच्या अंगावर तेल चोळत बसलेल्या आईनं विचारलं, "कसं पायजे तेल?"

"दाट. उनानं पातळ न व्हनारं."

आईनं हातातली वाटी त्याच्यापुढं केली. एरंडेल होतं. आमच्या बांधावरच्या एरंडाच्या बिया कुटून, उकळून आईनं स्वतः काढलेलं. बैलगाडीच्या आसाला तेच, बाळंतिणीला तेच, आमच्या डोक्याला तेच. दादानं बोटावर घेऊन ओघळ पाहिला. मग हसला. लढाईवरून आल्यापासून तो असा मोकळा हसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. "आये, पयल्या गाड्यांत म्हनं हेच घालायचे. आमचा एक म्हातारा हवालदार सांगायचा." नुसतं एरंडेल फार घट्ट झालं, गाडी आखडली. दादानं त्यात थोडं इंजिनाचं तेल मिसळलं, पुन्हा थोडं. माझ्या फेऱ्या चालूच. आणि एका दुपारी मी ओढ्यातून जाऊन परत आले तेव्हा गाडी खड्ड्यात गेली, आस उशीवर हलकेच टेकला, गाडी वर आली आणि थांबली. झोका नाही, ठोका नाही. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. दादा घाबरून मागं आला, "काय झालं?" मी म्हटलं, "दादा, मला डुलकी लागत हुती."

निघालो ते सकाळी, ऊन कोवळं असताना. वैनीला त्याच गोठ्याच्या दारावर बांधून ट्रकात चढवलं. चाचा दादाशेजारी पुढं. आबांनी घर आणि बैल बघायचे, असं ठरलं होतं. मागं मी, वैनीच्या पायांशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अधूनमधून बोटांना हात लावून विचारत राहा, कळतंय का. वैनीच्या डोक्याशी कोण बसणार हे ठरलेलं नव्हतं. आईच आत चढली, गुडघे टेकून बसली आणि वैनीचं डोकं तिनं दोन्ही तळव्यांत धरलं. आई मोटारीत कधी बसली नव्हती. तिला चालत्या गाडीत मळमळायचं, हे पुढं कळलं. त्या वाटेवर ती दोनदा मान बाहेर वळवून ओकली, पण हात सोडले नाहीत.

दादा चालण्याच्या वेगानं ट्रक चालवत होता. वाटेत बाया पाण्याला निघालेल्या, त्या थांबून बघायच्या. नदीच्या उताराला पाणी घोट्याएवढंच होतं, पण तळाचे गोटे निसरडे. चाचा पुढं पाण्यात उतरून वाट दाखवत चालले. ट्रक डुलत पलीकडं गेला. मी वैनीच्या बोटाला हात लावायचे, "ह्ये?" ती म्हणायची, "आंगठा." "ह्ये?" "करंगळी." उजव्या पायाला ती थांबून सांगायची, पण बरोबर सांगायची.

मार्गासनीच्या अलीकडं उतारावर एक जुनी मोरी होती, वरून माती टाकलेली. वरून ती धड दिसत होती. पुढचं चाक पार झालं आणि मागच्या चाकाखाली माती खचली. ट्रकचं मागचं टोक एकदम खाली बसलं. मी एका बाजूला फेकले गेले. आई हलली नाही. खालून रबर दबल्याचा जड, मऊ आवाज आला, उशी पुरती चेपली आणि तिनं आम्हाला पुन्हा वर उचललं. एकदाच. मग सगळं स्थिर.

वैनीचे डोळे मिटलेले. दादा उडी मारून मागं आला, ट्रकात चढला. तोंड मातीसारखं झालेलं. आमच्याकडं नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे, आणि आईवडिलांदेखत तर नव्हेच. दादानं तिचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "चंद्रा. पाय हाय का गं? चंद्रा?"

वैनीनं डोळे उघडले. "हाय," ती म्हणाली. "लई जोरात धरलाय. सोडा."

आईनं ऐकलंच नाही असं करून तोंड दुसरीकडं फिरवलं. पण तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात अडकलेले असल्यामुळं तिला ते पुसता येईना. मी माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले. आईचे डोळे मी त्याआधी कधी पुसले नव्हते.

नसरापूरला सडक लागली. तिथून पुणं लांब असलं तरी मला ते आता जवळ वाटत होतं. दवाखान्यात दार उतरवताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठून आणलंत?" दादानं सांगितलं. त्यांनी वैनीचे पाय पाहिले, मग ट्रककडं पाहिलं, आणि "बरं केलंत" एवढंच म्हणाले. मणका चिरला होता, तुटला नव्हता.

वैनी तिथं प्लास्टरमध्ये बरेच महिने राहिली. आईच तिच्यापाशी राहिली. आबांनी आणि मी लावणी उरकली. घरात एकटी कांडताना मला एकच मुसळ ऐकू यायचं आणि कंटाळा यायचा. दादानं ठेकेदारांचा ट्रक परत देण्याआधी काढलेले पाटे पुन्हा बसवले, कोळसा वाहायचा होता. उशा मात्र त्यानं राहू दिल्या. तात्या एकदा येऊन गेले, या वेळी दादाशी बोलले. दादानं काय सांगितलं ते मला कळलं नाही. तात्या पुन्हा त्या कामाला आले नाहीत.

दिवाळी झाली, भात कापणीला आलं, आणि त्या दोघी परत आल्या. दादानं ट्रक घरापर्यंत आणला नाही, वैनीनंच वेशीपाशी थांबवायला लावला. ती उतरली. कमरेला जाड पट्टा, पाठ अशी ताठ की दुरून कुणी मोठी बाई चालत येते आहे असं वाटावं. ती पुढं कधी झाडावर चढली नाही, डोक्यावर भारा घेतला नाही. पण तिनं दोन पोरं वाढवली, शेतातली कामं उभ्यानं केली आणि आईच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं हातांनी केलं. हे सगळं पुढचं. त्या दिवशी ती फक्त चालत होती. एक पाऊल, मग थोडं थांबून दुसरं. उजवा पाय जरासा ओढत. लोक दारादारांत उभे होते. दादा ट्रकपाशीच थांबला होता, त्याला पुढं यायचं धाडस होत नव्हतं. आई वैनीच्या मागं होती, दोन्ही हात पसरून, नुकतं चालायला लागलेल्या पोराच्या मागं आई चालते तशी, पण हात न लावता.

आमच्या दारापुढच्या चढावर वैनी थांबली. तिला धाप लागली होती. तिनं घराकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मागं न वळता म्हणाली, "सासूबाय, जमंना."

आई म्हणाली, "दम खा. घर कुठं पळून चाललंय?"

आणि आम्ही सगळे त्या चढावर, उन्हात, ती पुन्हा निघेपर्यंत उभे राहिलो.